काजूच्या चोथ्यातले आयसोलेट: प्लेटवर झोन, फ्लास्कमध्ये शून्य

म्हादईकाठ

नमस्कार. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईपासून थोडं आत. आमची पिढीजात काजूच्या दारूची भट्टी आहे. मार्च ते मे घरात दुसरा विषय नसतो. बोंडू (काजूचं फळ) तुडवून, दाबून रस काढला की मागे चोथ्याची रास उरते. थोडा गुरांना जातो, बाकीचा भट्टीच्या मागे टाकतात आणि पहिल्या पावसात त्याचं काळं पाणी व्हाळात (ओढ्यात) उतरतं. ते लहानपणापासून बघत आले, म्हणून प्रोजेक्टला विषय तोच घेतला. चोथ्यातून पेक्टिनेज आणि सेल्युलेज (पेशीभिंतीतलं पेक्टिन आणि सेलुलोज तोडणारी एन्झाइम) देणारे सूक्ष्मजीव शोधायचे.

एप्रिलमध्ये नीरो (बोंडूचा रस) काढून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चोथा निर्जंतुक पिशवीत घेतला आणि बर्फात ठेवून कॉलेजात नेला. १० ग्रॅम चोथा ९० मिली सलाइनमध्ये हलवून पुढे १०⁻⁶ पर्यंत डायल्यूशन केलं, न्यूट्रिएंट अगर आणि पीडीए या वाढीच्या प्लेटवर पसरवलं. एकूण ६१ आयसोलेट (एकेका जंतूच्या शुद्ध वसाहती) वेगळे केले. सीएमसी (विरघळणारा सेलुलोज) प्लेटवर काँगो रेड रंग ओतल्यावर ९ जणांनी झोन (वसाहतीभोवतीचं मोकळं वर्तुळ, म्हणजे तिथलं खाद्य तुटलं) दिला, पेक्टिन प्लेटवर आयोडीन ओतल्यावर १४ जणांनी. सगळ्यांत मोठा झोन २२ मिमी होता. त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं होतं.

मग पाच निवडून फ्लास्कमध्ये घातले. पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, ग्लुकोज १ टक्का, पेक्टिन ०.५ टक्का. ३० अंश, १२० आरपीएम, दोन दिवस. डीएनएस (एन्झाइमने सुटलेली साखर मोजायची चाचणी) केलं तर काहीच नाही. दोन फ्लास्कची रीडिंग तर कंट्रोलपेक्षा कमी आली. तीनदा करून पाहिलं. मार्गदर्शक म्हणतात, विषय बदल, अजून वेळ आहे. मला बदलायचा नाही. प्लेट खोटं सांगते की फ्लास्क? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

पेट्रीडिश

माझंही असंच झालं होतं. मी २२ मिमीवाल्याचं १६एस (बॅक्टेरियाची जनुकावरून ओळख) करून घेतलं असतं आणि तोच धरून पुढे गेले असते. नाव कळलं की जुने पेपर सापडतात, त्यातलं मीडियम घ्यायचं. बाकीचे ६० सोडून दे. आणि दोन दिवसांऐवजी सात दिवस ठेवून बघ.

आंबवण

बाय, मी फोंड्याला असतो. २७ वर्षं फर्मेंटेशनमध्ये काढली, आधी औषधांच्या कारखान्यात आणि नंतर एन्झाइमच्या. आता निवृत्त आहे. तुझा प्रश्न वाचून दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा पुसलं, कारण तू जे केलंस त्यातलं बरंचसं नीट आहे आणि ते आधी सांगायला हवं. बर्फात नेलंस, तीनदा केलंस, कंट्रोल लावलास. विषय बदलू नको.

प्लेट खोटं सांगत नाही आणि फ्लास्कही नाही. तू दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारलेस. पेक्टिनच्या प्लेटवर जंतूपुढे खायला पेक्टिनच होतं. फ्लास्कमध्ये तू त्याला १ टक्का ग्लुकोज वाढलंस. आयती साखर ताटात असताना भिंत फोडायला कोण जाईल? पेक्टिनेज, सेल्युलेज ही एन्झाइम बनवायला पेशीला प्रथिनं खर्चावी लागतात, आणि ग्लुकोज असेपर्यंत बहुतेक जंतू ते जनुक बंदच ठेवतात. याला कॅटाबोलाइट रिप्रेशन म्हणतात, हे तू शिकलेली आहेस. परीक्षेत लिहिलंही असशील. पण मीडियम भरताना ते आठवत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या कितीतरी मुलांकडून हेच झालं, कारण ग्लुकोज घातलं की फ्लास्क दुसऱ्या दिवशी छान गढूळ होतो आणि आपल्याला वाटतं काम चाललंय.

आता त्याहून महत्त्वाचं. तीच चूक तुझ्या नमुन्यातही आहे. नीरो काढल्याच्या दुसऱ्या दिवशीचा चोथा म्हणजे साखरेने भिजलेला स्पंज. त्यात त्या दिवशी राज्य यीस्टचं आणि आम्ल करणाऱ्या बॅक्टेरियांचं. त्यांना साखर पुरते, चोथ्याच्या धाग्याला त्यांनी हात लावायचं कारणच नाही. तुला जे हवेत ते त्या दिवशी तिथे असले तरी हजारात एक असतील, आणि १०⁻⁶ पर्यंत पातळ केल्यावर ते प्लेटवर येणारच नाहीत.

म्हणून मी प्रत्येकाला पहिलं हेच विचारतो, नमुना कुठला आणि कधीचा. रास आपल्याआधी निवड करून ठेवते. आपलं काम ती निवड झाल्यावर तिथे पोचायचं. सेल्युलेजच्या धंद्यातली सगळ्यांत मोठी बुरशी ट्रायकोडर्मा रीझाय. ती दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडली, अमेरिकन सैन्याच्या सुती तंबूंवर. तंबू कुजत होते म्हणून लोक वैतागले होते आणि ते का कुजतात हे शोधताना ती मिळाली. क्यूएम६ए नावाच्या त्या एका आयसोलेटपासून आजचे बहुतेक औद्योगिक स्ट्रेन निघालेत. दमट हवा आणि खायला फक्त कापूस, अशा जागी बुरशीने दुसरं काय करायचं? २०१६ साली जपानमधून प्लास्टिकची बाटली खाणारा बॅक्टेरिया जाहीर झाला, इडिओनेला साकायेन्सिस. तो साकाई शहरात, बाटल्यांच्या रीसायकलिंगच्या आवारात मिळाला. त्या लोकांनी पीईटीचे (बाटल्यांच्या प्लास्टिकचे) तुकडे मिसळलेले २५० नमुने गोळा केले होते. कुठे बघायचं हे त्यांना ठाऊक होतं आणि तरीही २५० लागले. तुझा एकच नमुना आहे, तोही ताजा.

तेव्हा जुन्या राशीकडे जा. मागच्या हंगामाची रास कुठे शिल्लक असेल तर सोनं. तिच्यातून तीन नमुने घे: वरचा कोरडा थर, मधला गरम भाग, आणि अगदी खालचा, जमिनीला टेकलेला काळा भाग. मधल्या भागाचं तापमान थर्मामीटर खुपसून लिहून घे. खालच्या भागाला आंबूस वास नसून पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला तर खूश हो. तो वास जिओस्मिनचा. स्ट्रेप्टोमायसिससारखे जंतू तो देतात आणि ते धागा फोडण्यात तरबेज असतात.

प्लेटवर घालण्याआधी एनरिचमेंट कर. घरचा चोथा गरम पाण्याने धूत राहा, धुवणाच्या पाण्याची बेनेडिक्ट टेस्ट निळीच राहीपर्यंत, म्हणजे साखर संपेपर्यंत. मग वाळवून दळ. नुसत्या क्षारांच्या पाण्यात हा धुतलेला चोथा १ टक्का घाल, कार्बन म्हणून दुसरं काही नको. त्यात राशीचा नमुना टाक, आठवड्याने त्यातलं थोडं नव्या फ्लास्कमध्ये, असं तीनदा. जे शेवटी उरतील ते चोथ्यावरच जगणारे असतील. बुरशी प्लेटभर पसरते म्हणून रोझ बेंगॉल आणि क्लोरॅम्फेनिकॉलची प्लेट वापर, वसाहती आवरलेल्या राहतात. मधल्या भागाच्या प्लेट ३० अंशावर ठेवू नको, ५० वर ठेव आणि पिशवीत ठेव, नाहीतर सुकतील.

पेक्टिनचं मीडियम करताना पीएच ५ च्या आसपास ठेवून ऑटोक्लेव्ह कर (दाबाच्या वाफेत निर्जंतुक). पीएच ७ च्या वर उकळलंस तर पेक्टिन आपोआप तुटतं आणि मग जंतूने तोडलं की तुझ्या ऑटोक्लेव्हने, ते कळत नाही.

आता डीएनएस. कंट्रोलपेक्षा कमी रीडिंग का आलं? तुझ्या गाळलेल्या द्रवात न वापरलेलं ग्लुकोज होतं. डीएनएसला साखर कुठून आली याच्याशी देणंघेणं नाही, तो सगळीच मोजतो. म्हणजे टेस्ट आणि कंट्रोल दोन्ही गडद लाल, आणि एका मोठ्या आकड्यातून दुसरा मोठा आकडा वजा करून तू लहानशी गोष्ट शोधत होतीस. पिपेटचा थेंब इकडेतिकडे झाला की उणे. क्रूड (नुसता गाळलेला, शुद्ध न केलेला) द्रव रात्रभर फ्रिजमध्ये पीएच ५ च्या बफरविरुद्ध डायलिसिसच्या पिशवीत ठेव, साखर निघून जाईल. आणि प्रत्येक नमुन्याला त्याचा स्वतःचा एन्झाइम कंट्रोल हवा. त्याच नळीत डीएनएस आधी घालायचं आणि एन्झाइम नंतर.

आणखी एक, काजूपुरतं. बोंडू खाल्ल्यावर जीभ आणि घसा आवळतो ना, ते टॅनिन. टॅनिन प्रथिनाला धरून बसतं आणि एन्झाइम हेही प्रथिनच. चोथ्यावर वाढवलेल्या फ्लास्कमध्ये एन्झाइम तयार होऊनही टॅनिन ते बांधून ठेवू शकतं. क्रूडमध्ये चिमूटभर पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी पूड) घालून हलव, सेंट्रिफ्यूज कर आणि मग मोज. घालून आणि न घालता, दोन्ही मोज. फरक आला तर तो तुझ्या प्रबंधातला चांगला परिच्छेद होईल.

पेट्रीडिशने मोठ्या झोनमागे जायला सांगितलं, त्यावर माझा अनुभव सांगतो. आम्ही एकदा कपडे धुण्याच्या पावडरसाठी प्रोटिएज शोधत होतो. कोळंबीची सालं जिथे टाकत होते तिथली माती आणली, स्किम मिल्क अगरवर पसरवली. एका वसाहतीभोवती ३१ मिमीचा झोन, काचेसारखा स्वच्छ. सगळे खूश. प्लेट हिरवट दिसत होती आणि इन्क्युबेटर उघडला की द्राक्षांसारखा गोड वास येत असे. मी तो मुद्दाम घेतला नव्हता, पण खोलीभर होता. तरी कुणी थांबलं नाही. तीन महिने त्याच्यावर पीएच, तापमान, नायट्रोजन सगळं करून झालं. मग ओळख करून घेतली. स्यूडोमोनास एरुजिनोसा. जखमांमध्ये आणि इस्पितळांत त्रास देणारा जंतू. मोठ्या टाकीत तो वाढवायचा प्रश्नच नव्हता. काम तिथेच बंद झालं. हिरवा रंग आणि तो वास ही त्याची पाठ्यपुस्तकातली ओळख होती आणि ती आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होती.

म्हणून ६१ चं १६एस नको, एकाचंही आत्ता नको. पण शेवटचे तीन उरले की ऑप्टिमायझेशनच्या आधी ओळख, नंतर नाही. बुरशी असेल तर १६एस चालत नाही, आयटीएस (बुरशीसाठीची तशीच ओळख) करावं लागतं. झोन मोजताना वसाहतीच्या व्यासाने भागून गुणोत्तर काढ. ४ मिमीच्या वसाहतीभोवती १६ मिमी हे १५ मिमीच्या वसाहतीभोवतीच्या २२ मिमीपेक्षा कितीतरी चांगलं. आणि सीएमसीवरचा झोन एंडोग्लुकॅनेजपुरताच (सेल्युलेजमधल्या एकाच एन्झाइमपुरता) बोलतो. खरा सेलुलोज तुटतो का हे बघायचं तर व्हॉटमन नंबर १ फिल्टर कागदाची पट्टी नळीत घालावी लागते.

म्हादईकाठ

काका, तुमचं उत्तर प्रिंट काढून लॅबमध्ये लावलं. २२ मिमीवाल्याची वसाहत मोजली, १७ मिमी होती. म्हणजे गुणोत्तर १.३. एका लहानशा पांढऱ्या वसाहतीचं ३.५ आहे, तिच्याकडे मी बघितलंच नव्हतं.

अडचण अशी की आमच्याकडे मागच्या वर्षीची रास नाही. बाबा दर वर्षी साफ करून घेतात. आसपास कुणाची असेल तर सांगाल का?

भट्टी_केरी

मी शिकलेला माणूस नाही पण रास कशी वागते हे मला ठाऊक आहे म्हणून लिहितो. माझी भट्टी केरीला. माझी रास माडांच्या आळ्यांसाठी ठेवतो, दोन वर्षांची आहे, वर चुडतं (माडाच्या झावळ्या) घातलीत. पहिले आठ दिवस तिच्यावर माश्या आणि हुराकासारखा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूसारखा) वास. मग ती तापते. पंधराव्या-विसाव्या दिवशी आत हात घातला तर ठेवता येत नाही, चटका बसतो, सकाळी वाफ दिसते. तेव्हा आतून राखेसारखी पांढरी बुरशी असते. पाऊस सुरू झाला की थंडावते आणि तळाला काळी होते, ती मातीसारखी सुटते. काजूच्या बिया चुकून राहिल्या तर त्या तशाच असतात, कवच कुजत नाही.

या हंगामाची रास शेजारीच आहे, ती अजून मधोमध गरम आहे. रविवारी या, बाबांना घेऊन या. बूट घाला, चुडतांखाली जनावर (साप) असतं. फावडं मी देतो, तुमच्या पिशव्या तुम्ही आणा.

मांडवीपल्याड

मी शिकवते, म्हणून दोन कागदाच्या गोष्टी. नमुना कुणाच्या जागेतला, कोणत्या दिवशीचा, किती खोलीवरचा, हे आजच वहीत लिहून भट्टीवाल्या दादांची सही घे. पुढे कधी पेटंटचा विचार झाला तर जैवविविधता कायदा, २००२ आड येतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. तेव्हा ही वही लागेल. चांगला स्ट्रेन मिळाला तर तो कल्चर कलेक्शनमध्ये जमा करता येतो. पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम आहे, चंडीगडला एमटीसीसी.

आणि मार्गदर्शकांना सांग की हे गोव्यात झालेलं आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी खारफुटीच्या कुजक्या लाकडावरची बुरशी घेतली, तिच्यातून भरपूर लॅकेज (लाकडातलं लिग्निन आणि रंग तोडणारं एन्झाइम) मिळवलं आणि मळीच्या आसवनीतून येणाऱ्या गडद सांडपाण्याचा रंग तिने उतरवून दाखवला. व्हाळात उतरणाऱ्या काळ्या पाण्याचं तू लिहिलंस, तेव्हा मला तेच आठवलं. पेक्टिनेज संपलं की एक प्लेट ग्वायकॉल घालूनही करून बघ. लॅकेज असेल तर वसाहतीभोवती तांबूस कडं येतं.

म्हादईकाठ

चतुर्थीच्या सुट्टीआधी लिहून टाकते.

केरीला गेलो. बाबा आणि दादा तासभर भाणांच्या (भट्टीच्या भांड्यांच्या) आणि लाकडाच्या भावाच्या गप्पा मारत होते, मी खणत होते. नव्या राशीच्या पोटात ५२ अंश निघाले. जुनीच्या तळाला खरंच पावसाच्या मातीचा वास, मी तीनदा घेतला.

तीन फेऱ्यांचं एनरिचमेंट केलं. पहिल्या फ्लास्कमध्ये चोथा दहा दिवस तसाच पडून होता, तिसऱ्यात चौथ्या दिवशी तो चिकट होऊन तळाला बसला आणि हलवल्यावर त्याचे धागे सुटे झाले. हे डोळ्यांनी दिसलं. सात आयसोलेट उरले. एक काळ्या बीजाणूंची बुरशी, पीएच ४.५ ला पेक्टिनेज मिलीलिटरला १.८ युनिट. पीव्हीपीपी न घालता तेच ०.७. काका, हा आकडा बघून मी परत सगळं केलं, १.७ आला. दुसरी एक पांढरी बुरशी ५० अंशावर वाढते, ३० वर जवळजवळ नाही. तिचं ०.९ आहे, पण ५० अंशावर तासभर ठेवूनही ०.८ राहिलं. ग्वायकॉलवर अजून काही नाही.

मार्गदर्शकांनी विषय बदलायचं काढलेलं नाही.

आंबवण

छान काम. काळ्या बुरशीचं मला नवल नाही. फळांचा रस स्वच्छ करायला जगभर विकलं जाणारं पेक्टिनेज बहुतांशी ॲस्परजिलस नायजरचंच असतं, तुझी त्याच घरातली असेल. ती तुझं मोजमाप बरोबर आहे याची खूण म्हणून ठेव. मी असतो तर पांढरीमागे गेलो असतो. रस गरम असताना काम करणारं एन्झाइम मिळालं तर त्याला वेगळं गिऱ्हाईक आहे. तिला आता फ्लास्कमध्ये न वाढवता ओलसर गव्हाच्या कोंड्यावर वाढव, ६० ते ६५ टक्के ओलावा. बुरशीला पाण्यात पोहण्यापेक्षा कोंड्यावर बसणं मानवतं.

पण ते चतुर्थीनंतर. त्याआधी एक काम आहे. आम्हाला एकदा फार चांगला ॲमिलेजचा बॅसिलस मिळाला होता. तो नुसता स्लँटवर (नळीतल्या तिरक्या अगरवर) ठेवला आणि दर महिन्याला नव्या स्लँटवर उतरवत गेलो. दीड वर्षाने त्याचं उत्पादन निम्म्याखाली गेलं आणि मूळचा कुणी गोठवून ठेवलेला नव्हता. मी स्वतः जबाबदार होतो. तो पुन्हा कधीच मिळाला नाही, ती जागा तोवर बुजवून रस्ता झाला होता.

सुट्टीला घरी जाण्याआधी सातही आयसोलेटच्या पाच-पाच कुप्या २० टक्के ग्लिसरॉलमध्ये कर. दोन कॉलेजच्या डीप फ्रीजरमध्ये, दोन दुसऱ्या इमारतीतल्या, एक मार्गदर्शकांकडे. कुपीवर पेन्सिलीने लिही, शाई पुसते. आजच कर, सुट्टीत वीज जाते.

म्हादईकाठ

ग्लिसरॉल ऑटोक्लेव्हमध्ये आहे. संध्याकाळपर्यंत ३५ कुप्या होतील.